झेब्रा डॅनिओ, नोंद ३: लाइट गेली आणि पिल्लं हुशार झाली

झेब्रा डॅनिओ या छोट्या माशांची, मोठ्या माशांनी खाऊ नयेत म्हणून तळाशी पसरलेल्या गोट्यांच्या थरात वाचलेली अंडी तिसऱ्या दिवशी फुटली होती. आज पिल्लं ९ दिवसांची, जेमतेम ४ मिलिमीटर. दोन डोळे दिसतात, बाकी सगळं आरपार.

रविवारी त्यांना मोठ्या टबात हलवायला बसलो. जाळीत चिरडतात, म्हणून ड्रॉपर. एअर पंप चालू होता, पहिली दहा-बारा सहज आली. मग आमच्या दांडिया बाजारात लाइट गेली. खिडकीतला उजेड तोच, फक्त बुडबुडे थांबले आणि एकही पिल्लू सापडेना! ड्रॉपर बोटभर लांब असतानाच अंगाचा इंग्रजी ‘C’ करून पसार. आई म्हणाली, “तुझा हात थरथरतोय रे, आधी चहा घे.”

हात ठीक होता. माशाच्या अंगावर पार्श्वरेषेचे, म्हणजे पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या इंद्रियाचे, ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात केसपेशी (केसासारखे तंतू असलेल्या संवेदी पेशी), त्यांवर जेलीसारखी टोपी. शिकारी अंगावर येतो तेव्हा त्याच्यापुढचं पाणी आधी ढकललं जातं, टोपी कलते, केसपेशी कळवतात. मेंदूच्या मागच्या भागात डावी-उजवीकडे एकेक दांडगी माउथनर पेशी असते. धोक्याच्या बाजूची पेटली की विरुद्ध बाजूचे स्नायू आखडतात, आणि काही मिलिसेकंदांत मासा वळलेला असतो. माझा ड्रॉपर म्हणजे त्यांच्या लेखी मोठ्या माशाचं तोंडच. तेही पाणी ओढूनच गिळतं.

इतक्या लहान वयात हे ठिपके उघड्या कातडीवरच असतात. त्यामुळे बुडबुड्यांच्या खळखळाटात ड्रॉपरची चाहूल बुडत असावी. सोमवारी-मंगळवारी पंप चालू आणि बंद ठेवून वीस-वीस प्रयत्न केले. चालू असताना निम्म्याहून जास्त सापडली, बंद असताना मोजकीच. डोळ्यांचाही वाटा असेल, पण दिवा दोन्ही वेळा तोच होता.

आता पंप चालू ठेवूनच हलवतो, आणि ड्रॉपरऐवजी वाटी तिरकी बुडवून धरतो. पाणी ओढायचंच नाही.

एकाने अंड्यांवरच्या बुरशीवर तांब्याचं औषध सुचवलं होतं. नको म्हटलं. तांब्याने याच केसपेशी मरतात. माशांत त्या पुन्हा उगवतात (आपल्या कानातल्या नाहीत, म्हणून मला हेवा वाटतो), पण तोवर पिल्लांना पाण्यातली चाहूल लागणार नाही. अंड्यांना मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारा निळा रंग) पुरलं होतं.

मोठेपणी काही ठिपके कातडीखालच्या नळ्यांत जातात, आणि एकसारखा प्रवाह तिथे फारसा जाणवत नाही. तेव्हा वाटी घेऊन पुन्हा बसेन. तूर्त काही पिल्लं टबात, बाकीची अजून जुन्या टँकमध्येच.