कोटातला फोटो

अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा पास झाली की मैदानी चाचणीच्या रॅलीआधी पोरं फोटोला येतात. साताऱ्यात स्टुडिओ असल्यावर हे दिवस पाठच होतात. त्या सकाळी कोरेगावकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. हातात फोटोंचं पाकीट आधीच होतं. "ह्याच्याच अजून वीस काढून द्या."

फोटोत मुलाच्या मानेखाली निळा कोट आणि लाल टाय, दोन्ही पेस्ट केलेलं. गाल गुळगुळीत, रंग उजळ, डाव्या भुवईवरचा व्रण गायब. वडिलांनी जादा पैसे मोजून हे करून घेतलं होतं. म्हणाले, "पोरगं मिलिट्रीत चाललंय, फोटो साहेबासारखा नको व्हय?"

पण हा फोटो रॅलीत चालत नाही. सूचनेत स्पष्ट असतं: 20 प्रती, पांढरी पार्श्वभूमी, तीन महिन्यांच्या आतला फोटो, चांगल्या फोटो पेपरवर छापलेला, केस कापलेले, दाढी केलेली, संगणकावर फेरफार केलेला नको. फोटोतला चेहरा आणि समोर उभा असलेला मुलगा एकच दिसायला हवा. तो व्रण तर ओळखीची खूण. नेमका तोच पुसला होता. रॅली दोन दिवसांवर होती.

मुलाला आधी शेजारच्या सलूनमध्ये पाठवलं. शर्ट गडद रंगाचा घालायला लावला, कारण फिक्या शर्टाची कड पांढऱ्या पडद्यात विरून जाते. पडद्याला चिकटून उभं केलं की डोक्यामागे करडी सावली पडते, मग ती घालवायला पार्श्वभूमी कापावी लागते आणि कानांच्या कडा तुटक दिसतात. म्हणून चार फूट पुढे स्टूल, दोन्ही बाजूंनी सारखे सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारे दिवे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हनुवटी वर उचलायची या पोरांना सवयच असते, ती जराशी खाली घ्यायला सांगावी लागते. रिटच काही नाही, फक्त उजेड आणि रंग बरोबर केला. इंकजेटच्या साध्या ग्लॉसी कागदावर मी हे फोटो काढत नाही. ग्राउंडवर पहाटे दव असतं, हाताला घाम असतो, शाई पसरते. लॅबची प्रिंट टिकते.

4×6 इंची कागदावर 35×45 मिलिमीटरचे आठ बसतात. तीन कागद, चोवीस फोटो. वीस मुलाच्या पाकिटात. उरलेले चार वडिलांनी हातात धरले आणि व्रणावरून अंगठा फिरवला. लहानपणी गोठ्याच्या दारावर आपटला होता म्हणाले.

कोटाचा फोटो मोठा करून भिंतीला लावायचा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, "मामा, जरा थांबा. ग्राउंड, मेडिकल, मेरिट होऊ द्या. पायदळात गेला तर सेंटरला 31 आठवड्यांचं ट्रेनिंग, मग कसम परेड, म्हणजे शपथ घ्यायची परेड. तिथं आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात. तो फोटो मोठा करू, वर्दीतला, तिघांचा."

"आईलाबी लावत्यात?"

"हो."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग भिंतीवरच्या 12×18 च्या फ्रेमपाशी गेले, उंचीला वीत लावून बघितली. दोन भरल्या.

"महाराजांच्या फोटोशेजारी जागा हाय. खिळा आजच मारून ठेवतो."