कन्सोल-माउस लॉग: मराठी फाइलनावं कॉपी होऊ लागली, ‘दऱ्या’ मात्र अजून अडतंय

मागच्या नोंदीपर्यंत जीपीएम, म्हणजे लिनक्सच्या निव्वळ मजकुराच्या पडद्यावर (कन्सोलवर) माउस चालवणारं साधन, स्थिरस्थावर झालं होतं. डेबियन १३, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.१२, माउसचा प्रोटोकॉल ईएक्सपीएस२ आणि बटणांचा क्रम १३२, म्हणजे चिकटवायला उजवं बटण. (स्वस्त माउसचं चाक दाबताना हमखास थोडं फिरतं, त्यामुळे पेस्ट उजव्या बटणावरच ठेवावी.) राहिलं होतं ते देवनागरी. मराठी नावाच्या फाइलवर डबल-क्लिक करून नाव चिकटवलं की शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) म्हणे, अशी फाइल नाही.

कारण सापडलं, आणि त्यात जीपीएमचा काही दोष नाही. कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात, त्यात देवनागरी नसते. कर्नेल पडद्यावर अक्षर ठेवत नाही, आकृतीचा क्रमांक ठेवतं. आकृती नसली की तिथे रिप्लेसमेंट चिन्हाचा क्रमांक जातो आणि मूळ अक्षर तिथेच हरवतं. माउसने निवडताना हाच क्रमांक उलटा युनिकोडमध्ये फिरवला जातो, म्हणून ‘क’ असो वा ‘ळ’, हाती एकच चिन्ह येतं. चिकटवलेला मजकूर ओडी या बाइट दाखवणाऱ्या कमांडमधून पाहिला की तेच तीन बाइट पुन्हा पुन्हा दिसतात.

उपाय कर्नेलमध्येच आहे. ४.१९ पासून व्हीसीएसयू ही उपकरणं आली: प्रत्येक टीटीवायला (कन्सोलच्या एकेका पडद्याला) एक, पडद्याचा प्रत्येक चौकोन ३२ बिटांचा युनिकोड म्हणून वाचून देणारी. त्यासाठी कर्नेल पडद्याची समांतर युनिकोड प्रत ठेवतं, पण कोणीतरी व्हीसीएसयू पहिल्यांदा वाचेपर्यंत ती प्रत बनतच नाही. आणि ती एकदा बनली की माउसची निवडही तिच्यातूनच होते! म्हणजे रूट (प्रशासक) म्हणून व्हीसीएसयू१ मधून डीडी या कॉपीच्या कमांडने एक चौकोन वाचायचा, ब्लॉक ४ बाइट, काउंट १, आउटपुट नलमध्ये. एवढंच. वाचनाची लांबी ४ च्या पटीत हवी, नाहीतर कर्नेल वाचूच देत नाही.

यानंतर एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) पुन्हा चालवा. आधीपासून पडद्यावर असलेली अक्षरं हरवलेलीच राहतात, नव्याने छापलेलीच प्रतीत शाबूत येतात. पडद्यावर चौकोन पूर्वीसारखेच दिसतात, पण चिकटवल्यावर बाइट बरोबर उतरतात आणि फाइल उघडते. केबीडी-मोडने कीबोर्ड युनिकोडमध्ये असल्याचं आधी तपासा; तो तसा नसेल तर निवड ८-बिटांतच होते.

शब्दाच्या सीमेचीही अडचण नाही. डबल-क्लिकच्या हिशेबात कर्नेल अॅस्कीबाहेरचं सगळंच शब्दात धरतं, त्यामुळे मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेलं अक्षर, काहीच तुटत नाही.

हे दर लॉगिनला आपोआप कसं व्हावं? पहिला विचार गेटीच्या (टीटीवायवर लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिसमध्ये एक प्री-कमांड घालायचा होता. पण त्या सर्व्हिसमध्ये टीटीवायव्हीटी-डिसअॅलोकेट चालू असतं. गेटी सुरू होताना ती टीटीवाय मोकळी केली जाते, आणि आधी बनवलेली युनिकोड प्रत तिच्यासोबत जाऊ शकते. बूटच्या वेळी सहाही टीटीवायवर लूप फिरवणंही फुकट, कारण दुसरीपासून पुढच्यांची गेटी तिथे गेल्यावरच सुरू होते, आणि तेव्हा ती प्रत जाऊ शकते. म्हणून आता पॅम, म्हणजे लॉगिनची तपासणी सांभाळणारी यंत्रणा: लॉगिनच्या पॅम फाइलच्या शेवटी सेशन, ऑप्शनल, पॅम-एक्झेक आणि आपली स्क्रिप्ट. स्क्रिप्टला टीटीवायचं नाव पॅमकडूनच मिळतं. पुढचं ‘डेव्ह’ आणि ‘टीटीवाय’ काढून उरलेला आकडा व्हीसीएसयूला जोडायचा. उरलेलं निव्वळ आकडा नसेल तर, म्हणजे सिरियल वगैरे, गुपचूप बाहेर पडायचं. वापरकर्त्याला टीटीवाय गटात घालण्याचा सोपा मार्ग टाळाच. त्याला मग इतरांचे पडदेही वाचता येतात.

आता जे अजून सुटलेलं नाही ते. ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ, हलंत, य. दुसरा, साधा र, हलंत, मग झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडक, मग य. पहिला बिनचूक कॉपी होतो. दुसऱ्यातला जोडक गळतो आणि हाती येतं ‘दर्या’. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. नुसती फाइल न सापडण्यावर भागलं तर ठीक. त्याच फोल्डरमध्ये ‘दर्या’ नावाची वेगळी फाइल असेल आणि कमांड आरएम (फाइल पुसणारी) असेल, तर भलतीच फाइल जाईल आणि कुठलीही तक्रार दिसणार नाही.

यावर व्हीसीएसयूचा उपाय चालत नाही. युनिकोडवरून आकृती शोधणारं फंक्शन २००बी ते २००एफ या चिन्हांना ‘दाखवण्यासारखं काही नाही’ म्हणून आधीच परत पाठवतं. जोडक २००डी, तो त्याच पट्ट्यात. तो पडद्यापर्यंत पोचतच नाही, मग प्रतीत कुठून येणार? शिवाय एका चौकोनात एकच चिन्ह बसतं, त्यामुळे पॅच लिहायचा तरी त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

ग्लॉब, म्हणजे पूर्ण नावाऐवजी नमुना देणं, वापरून पाहण्यासारखं आहे: हलंतानंतर एक प्रश्नचिन्ह घातलं तर फक्त जोडकवाली फाइल जुळते. पण त्यासाठी नाव दोन तुकड्यांत उचलावं लागतं आणि एकसारख्या चौकोनांतून हलंत कुठला हे मोजावं लागतं. चिकटवून मग मध्ये जाऊन दुरुस्त करणं तर नकोच. शेलमधली टाइप केलेली ओळ सांभाळणारं रीडलाइन हलंत, उकार, अनुस्वार यांची रुंदी शून्य धरतं, ६.१२ चा कन्सोल प्रत्येकाला पूर्ण चौकोन देतो. कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पुसलं जातं. कमांड आधी पूर्ण टाइप करा, नाव सगळ्यात शेवटी चिकटवा.

हे लिहितानाच त्याहून चांगली वाट सुचली आणि चालवून पाहिली: नाव उचलूच नका, आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) उचला. एलएसला १ आणि आय हे पर्याय द्या, डाव्या रांगेतल्या आकड्यावर डबल-क्लिक करा आणि फाइल शोधणाऱ्या फाइंडला मॅक्सडेप्थ १ व आयनम देऊन तो चिकटवा. आकडा निव्वळ अॅस्की, त्यामुळे गळायला काहीच नाही. फक्त हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं) असतील तर दोन नावं जुळतील, म्हणून एक्झेक लावण्याआधी नुसती यादी बघून घ्या. मिडनाइट कमांडर या फाइल व्यवस्थापकात तर नाव टाइप करायची गरजच नाही, फाइलवर क्लिक पुरतो. तिथे मजकूर निवडायचा असेल तेव्हा शिफ्ट दाबून ठेवा.

कायमचा इलाज नावांमध्येच. फाइंडने जोडक असलेली नावं शोधायची, पर्लच्या रिनेमने र, हलंत, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत घालायचे. आधी एन पर्यायाने कोरडी फेरी घेऊन मगच खरी. नव्या नावांसाठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी, मग य ची कळ: थेट ऱ येतो, जोडक लागतच नाही.

जाता जाता, ईमॅक्समध्ये माउसचा बाण गायब झाल्याची तक्रार ज्यांची होती त्यांच्यासाठी: कर्नेल ६.७ पासून निवडीचे आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नेलला करायच्या विनंत्या) रूटपुरते झाले आणि बाण दाखवणंही त्यातच अडकलं. पुढे बाण दाखवण्यापुरती सूट परत दिली गेली, तेव्हा कर्नेल अद्ययावत करा, जीपीएमच्या सेटिंगला हात लावू नका. टचपॅडवाल्यांनी जीपीएमऐवजी कन्सोलेशन हा प्रोग्राम बघावा. ते लिबइनपुट या माउस-टचपॅड हाताळणाऱ्या लायब्ररीवर चालतं, त्यामुळे टचपॅडवर हात जीपीएमपेक्षा कितीतरी चांगला बसतो, पण अॅप्लिकेशनला क्लिक पोचवत नाही. निवड तेही कर्नेलकडूनच करून घेतं, म्हणून व्हीसीएसयूची युक्ती तिथेही लागू.

वरचं सगळं ६.१२ पुरतं. ६.१६ मध्ये शून्य रुंदीच्या चिन्हांचा हिशेबच बदलला आहे. पॅमची स्क्रिप्ट तिथे नेण्याआधी मात्रा आणि हलंत शाबूत येतात का हे ओडीने तपासायचं, आणि पुढची नोंद त्याचीच.