‘अं’ मोजणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टोस्टमास्टर्स क्लब भरतो, म्हणजे चारचौघांत भाषण करायचा सराव. १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेलं हे प्रकरण आता जगभर आहे, तेव्हा तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेलच. मला हादरवलं ते एका नेमणुकीने. बोलणाऱ्याचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ मोजायला तिथे स्वतंत्र माणूस असतो! आमच्याकडे हे काम अकाउंट्समधल्या एका बाईंकडे आहे. शेवटी त्या प्रत्येकाचा आकडा नावानिशी वाचून दाखवतात.

याचा राग येतोच. आपण भरभर बोलतो, पण त्याला कारण आहे. मीटिंगमध्ये श्वास घ्यायला थांबलं की शेजारचा वाक्य पळवतो, हे ज्याने भोगलंय तो थांबेल कशाला? ‘अं’ म्हणजे जागा धरायला टाकलेला रुमाल.

पण मग एका सहकारिणीचं प्रेझेंटेशन ऐकलं. विषय रटाळ, मशीनच्या देखभालीचं बजेट. तिने स्लाइड लावलीच नाही. रात्री पावणेतीनला पॅकिंगची लाइन बंद पडली, पाळीवर एकच ऑपरेटर. इथवर नेहमीचा आवाज. मग वेग वाढला : पहिला फोन, उत्तर नाही, दुसरा फोन, उत्तर नाही, सुट्या भागांच्या कपाटाला कुलूप. आणि एकदम खालच्या पट्टीत, सावकाश : “हवा असलेला भाग मुठीत मावेल एवढा होता.” इथे ती थांबली. दोन-तीन सेकंदच, पण लॅपटॉपमध्ये खुपसलेली सगळी डोकी वर आली. मग तिने वर्षभराच्या नुकसानीचा आकडा सांगितला आणि पुन्हा गप्प. आधीच्या शांततेने कान टवकारले, नंतरच्या शांततेने आकडा मुरला. आवाज तिने एकदाही चढवला नाही. बजेट तिथेच मंजूर झालं. आपल्याकडे हाच आकडा बाविसाव्या स्लाइडवर, बाकीच्या एकवीस स्लाइडच्या सुरात वाचला गेला असता. आकडे आपले पक्के असतात, हेही खरंच.

म्हणून क्लबातलं सगळंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. एक प्रशिक्षक छातीठोकपणे सांगून गेले की परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे ज्यांतून आले ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग भावना आणि आवड-नावड यांच्यापुरते होते. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो एवढाच प्रश्न होता. तिमाही हिशेबाला ते लावायचं म्हणजे कमाल झाली. मी हे तिथल्या तिथे बोलून दाखवलं, आणि तेही हळू, थांबत थांबत.

गोष्टी सांगायचं वेडही इथे जरा अतीच आहे. भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. परवा एकजण करनियमांवर बोलणार होता, सुरुवात केली लहानपणीच्या कुत्र्यापासून. चढउतार सुरेख, कुत्रा डोळ्यांसमोर उभा राहिला. लाल दिवा लागला तेव्हा कुत्रा नुकताच सापडला होता, कर यायचाच होता.