जात कोणती?

"हिची जात कोणती?" म्हापशात जनावरांच्या दवाखान्यात शेजारच्या काकूंनी विचारलं.

माझ्या टोपलीत तीन रंगांची मांजर, सोनू, गेल्या पावसात मासळी बाजारामागे भिजत सापडलेली. त्यांच्याकडे पांढरीशुभ्र पर्शियन. नाक इतकं चपटं की डोळ्यांचं पाणी सारखं गालावर उतरत होतं. काकू कापसाने टिपत होत्या, फार मायेने.

"गावठीच," मी म्हणाले आणि आवाज उगाच खाली गेला. तेव्हापासून सलतंय.

ते नाक माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलंय. अश्रूंची वाट त्यात दबते. त्या बिचारीचा काय दोष? तिने सोनूकडे बघून डोळे हळूच मिटले. सोनूनेही.

त्यांनी कुठे एकमेकींना जात विचारली? मग माझाच आवाज का खाली गेला?