इंग्लंडमधलं डिपॉझिट: कुठलं, कधी आणि कशामुळे बुडतं

इंग्लंडमध्ये घर शोधताना ‘डिपॉझिट’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या रकमांसाठी वापरला जातो. तिन्ही बुडण्याची कारणं वेगळी आहेत. घरून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्यांचं नुकसान बहुधा पहिल्याच रकमेत होतं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

ही रक्कम म्हणजे होल्डिंग डिपॉझिट, आपल्याकडच्या टोकनसारखी. टेनंट फीज ॲक्ट २०१९ नुसार ती एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हिशेब असा: महिन्याचं भाडं गुणिले १२, भागिले ५२. भाडं १,३०० पौंड असेल तर ३०० पौंड. एजंटने सरळ चाराने भागून ३२५ मागितले, तर वरचे २५ बेकायदा. पैसे दिल्यापासून १५ दिवसांत करार व्हायला हवा. दुसरी तारीख ठरवायची तर ती लेखी हवी. एकाच घरासाठी एका वेळी दोघांकडून हे पैसे घेता येत नाहीत.

ते जप्त करायला कायद्याने कारणं मोजकीच दिली आहेत. तुम्ही स्वतः माघार घेतली, राइट टू रेंटची (म्हणजे इंग्लंडमध्ये भाड्याने राहण्याच्या कायदेशीर हक्काची) तपासणी पार झाली नाही, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, किंवा कागदपत्रं देण्यात चालढकल केली. यातलं तिसरं कारण फार फसवं आहे. फॉर्मवर पगाराच्या रकान्यात बोनस आणि ओव्हरटाइम मिळवून आकडा लिहिला, पगारपत्रकावर कमी दिसला, की ती ‘दिशाभूल’ ठरू शकते. हमीदार इंग्लंडमधला लागतो का, हे पैसे भरण्याआधीच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शेअर कोड (घरमालकाला तुमचा हा हक्क ऑनलाइन तपासता यावा म्हणून मिळणारा सरकारी कोड) आधी काढून ठेवा, आणि पासपोर्टवरचं नाव ई-व्हिसावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही बघा. पैसे ठेवून घ्यायचे असतील तर घरमालकाने ७ दिवसांत लेखी कारण द्यायलाच हवं. दिलं नाही, तर कारण खरं असलं तरी पैसे परत करावे लागतात. करार झाला की ते परत मिळतात किंवा, तुमची संमती असेल तर, पहिल्या भाड्यात वळते होतात.

दुसरी रक्कम आपल्या ओळखीची अनामत. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर तिची मर्यादा ५ आठवड्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे वरच्या उदाहरणात १,५०० पौंड. घरमालकाने ती ३० दिवसांत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत सुरक्षित करून तिची माहिती तुम्हाला लेखी द्यायची असते. नाही केली, तर न्यायालय त्याला अनामतीच्या एक ते तीनपट रक्कम तुम्हाला द्यायला लावतं.

वजावटीचा वाद झाला तर योजनेची लवाद सेवा मोफत आहे, आणि तिथे पुरावा घरमालकाने द्यायचा असतो. पैसे तुमचे, हे धरूनच सुरुवात होते. मात्र आत शिरताना मिळालेली सामानाची यादी न वाचता सही केली, तर तीच तुमच्याविरुद्ध जाते. प्रत्येक डाग, ओरखडा त्यात लिहून फोटो त्याच दिवशी ईमेल करा. आपल्या स्वयंपाकाच्या दोन खुणा हमखास राहतात: ओट्यावरचा हळदीचा पिवळेपणा आणि फोडणीने एक्झॉस्टच्या जाळीवर चढलेला तेलाचा थर. दोन्ही वेळीच काढा. सर्वसाधारण झीज तुमच्या माथी मारता येत नाही. दहा वर्षं टिकणारं ६०० पौंडांचं कारपेट सहा वर्षं वापरलेलं असेल, तर ते जाळलंत तरी साधारण २४० पौंडांच्या वर मागणी टिकत नाही. घर सोडताना ठरावीक कंपनीकडूनच सफाई करून घ्यायची सक्तीही बेकायदा.

तिसरी रक्कम घरखरेदीची, आणि ती बुडाली तर खरंच कंबर मोडते. इंग्लंडमध्ये किंमत तोंडी ठरली तरी काहीच बांधील नसतं. दोन्ही वकिलांनी करारांची अदलाबदल केली, की त्या क्षणापासून बांधिलकी सुरू होते आणि सामान्यतः १० टक्के रक्कम अडकते. ३ लाख पौंडांच्या घराला ३०,०००. ठरलेल्या दिवशी व्यवहार पूर्ण झाला नाही, तर विक्रेता नोटीस देतो. प्रचलित अटींप्रमाणे कामकाजाचे १० दिवस मिळतात, त्यानंतर तो करार रद्द करून पैसे ठेवू शकतो. विक्रेत्याने मेहरबानीने ५ टक्क्यांवर भागवलं असलं, तरी कराराच्या अटींप्रमाणे उरलेले ५ टक्केही तुमच्याकडून वसूल होऊ शकतात.

चूक होते ती पैसे भारतातून येणार असतात तेव्हा. आईवडिलांना रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) दर आर्थिक वर्षी माणशी अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. इंग्लंडमधला तुमचा वकीलही पैशाचा उगम विचारतो: भेटपत्र, बँकेचे उतारे, जमीन विकली असेल तर खरेदीखत. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करायलाही दिवस जातात. म्हणून सगळी रक्कम वकिलाच्या खात्यात जमा होऊन तपासली गेल्याशिवाय अदलाबदलीला होकार देऊ नका. गृहकर्जाच्या मंजुरीपत्रावरची शेवटची तारीखही व्यवहार पूर्ण करायच्या दिवसाच्या निदान महिनाभर पुढची असू द्या.