अभ्यंगस्नानाचं तेल

नरक चतुर्दशीच्या सकाळी सातला कळव्याहून २२ वर्षांची मुलगी ठाण्यातल्या आमच्या हायपरबॅरिक युनिटमध्ये आली. इथे बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद. घरातले एकामागोमाग आंघोळीला जाऊन आलेले, हिचा नंबर शेवटचा.

बोटावरच्या प्रोबवर सॅच्युरेशन ९९. आई म्हणाली, "दादा, ऑक्सिजन तर भरपूर दाखवतंय, मग मास्क कशाला?" गीझरमधून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साईड वायू चिकटलेलं हिमोग्लोबिनही तो प्रोब ऑक्सिजनवालं म्हणूनच मोजतो. दोन्ही वेगवेगळं मोजणाऱ्या को-ऑक्सिमीटरने खरं सांगितलं: २८ टक्के हिमोग्लोबिनला तो वायू चिकटलेला. हे प्रमाण निम्म्यावर यायला साध्या हवेत चार ते सहा तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास, ३ ॲटमॉस्फिअर दाबाखाली साधारण २३ मिनिटं.

तरी चेंबर सुरू करायला आम्ही अर्धा तास घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. केसांत खोबरेल, अंगाला तेल-उटणं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाला एक ठिणगी पुरते, आणि पेटलं तर आतल्या माणसाला वेळेत बाहेर काढता येत नाही. मास्कचा ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटरवर तसाच ठेवून दोन सिस्टरनी तीनदा शाम्पू केला. तेल कानामागे, बेंबीत, पायाच्या बोटांत दडून राहतं. तिथे टिश्यू पेपर दाबायचा. पारदर्शक डाग उमटला की पुन्हा साबण. तेवढ्यात छातीचा एक्स-रे झाला, कारण फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर दाब उतरताना ती फुगते. मग सुती गाऊन, मनगटाला अर्थिंगची पट्टी.

चेंबरमधला दाब १.३ ॲटमॉस्फिअरवर जाताच तिचा हात कानाकडे गेला. तिथेच थांबलो, थोडा उतरवला, इंटरकॉमवरून सांगितलं, "थुंकी गिळ, बाळा." ग्लानीतही तिने गिळली. गिळताच आलं नसतं तर कानाच्या पडद्याला छेद द्यावा लागला असता. २.५ वर दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं मास्कमधून साधी हवा, जास्त ऑक्सिजनमुळे फिटचा झटका येऊ नये म्हणून. झटका आलाच तर घाबरून दाब उतरवायचा नाही. घसा आवळलेला असताना आत कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाडते.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आई, फराळ झाला का सगळ्यांचा?"

गळफास किंवा हृदय थांबल्यानंतरच्या मेंदूच्या इजेसाठीही नातेवाईक चेंबर मागतात. तिथे पुरावा कच्चा आहे, आणि ते पैसे घेण्याआधीच सांगायला हवं. इथे मात्र एक सेशनही वाया गेलं नाही.

आईच्या वहीत लिहून दिलं: पुढचे ४० दिवस विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात फरक दिसला की त्याच दिवशी यायचं. गीझर बाथरूमबाहेर हलवायचा.