पावत्या पुन्हा एकपासून

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर टर्बो पास्कल या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम अजून चालतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, शेतकऱ्याचं नाव, पावती. काम एवढंच आणि ते तो चोख करतो. ऐन कापसाच्या हंगामात तिथे नवा कॉम्प्युटर बसला आणि पावत्या 1 नंबरपासून निघू लागल्या. दिवाणजींचा फोन आला, "जुना सारा हिसाब उडाला, भाऊ." मालकांनी सगळा राग त्यांच्यावर काढला होता, हे मला अजिबात पटलं नाही. दिवाणजींनी कशालाही हात लावलेला नव्हता आणि हिशोबही उडालेला नव्हता.

नव्या मशीनवर 64-बिट विंडोज. त्यावर 16-बिट डॉस प्रोग्राम थेट चालत नाही, म्हणून बसवणाऱ्याने डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमध्ये जुनं डॉस उभं करणारं सॉफ्टवेअर, टाकलं. फोल्डर माउंट केलं, म्हणजे डॉसबॉक्सला जोडून दिलं, पण प्रोग्राम ज्या आतल्या फोल्डरात आहे तिथे न जाता बाहेरूनच पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता) देऊन तो सुरू केला. पावती निघाली की झालं, असं समजून गडी निघून गेला. असाइनमध्ये, म्हणजे नोंदींची फाइल कोणती ते सांगणाऱ्या ओळीत, मात्र नुसतं फाइलचं नाव आहे, पाथ नाही. मग प्रोग्राम चालू फोल्डरात फाइल शोधतो, ती सापडत नाही, एरर 2, म्हणजे फाइल नाही.

खरा घात पुढच्या ओळीत आहे. डॉलर-आय-मायनस (एरर आला तरी थांबू नको), रीसेट (असलेली फाइल उघड), आणि आयओरिझल्ट, म्हणजे एररचा कोड, शून्य नसेल तर सरळ रीराइट. रीराइट नवी फाइल बनवतो, आणि आधीची असेल तर तिच्यातलं सगळं पुसतो. पावती नंबर म्हणजे फाइलसाइझ, म्हणजे फाइलमधल्या नोंदींची संख्या, अधिक एक. रिकाम्या फाइलवर पहिली पावती 1 नंबरचीच येणार.

या ओळीचा मला मनापासून राग आहे. फाइल नसणं वेगळं आणि फाइल उघडता न येणं वेगळं. समजा बॅकअपने फाइल क्षणभर धरून ठेवली, रीसेटला एरर 5 (फाइल उघडायला मनाई) आला आणि लगेच फाइल सुटली. त्याच रीराइटने जुन्या 430 नोंदी कायमच्या गेल्या असत्या.

जुनी फाइल 25,800 बाइट, नवी 2,280. रेकॉर्ड, म्हणजे एक नोंद, 60 बाइटचं: लाँगइंट (पूर्णांक) 4, गाडी नंबर स्ट्रिंग 12 म्हणजे लांबीचा एक बाइट धरून 13, नाव स्ट्रिंग 30 म्हणजे 31, आणि दोन वजनांचे 6-6 बाइटचे दोन रिअल (अपूर्णांक). म्हणजे 430 आणि 38 नोंदी, बाकी शून्य. हा भागाकार आधी करावाच. फाइल वाचायला आजचं फ्री पास्कल घेतलं तर त्यात रिअल 8 बाइटचा असतो, तेच रेकॉर्ड 64 बाइटचं होतं. मग पहिल्या नोंदीत नाव बरोबर दिसतं पण वजन भलतंच, आणि दुसरीपासून नावंही सरकतात. अशी लक्षणं दिसली की फाइल खराब झाली म्हणू नये. पॅक्ड (मध्ये रिकामे बाइट न सोडणाऱ्या) रेकॉर्डमध्ये रिअलच्या जागी रिअल48, म्हणजे तोच जुना 6 बाइटचा, घेतला की 60 बाइट जुळतात, आणि वजन दाखवायला त्याचं 8 बाइटच्या संख्येत रूपांतर करणारं रिअलटूडबल आहे.

दोन्ही फाइलींच्या कॉपी काढून रीड-ओन्ली केल्या. अशा फाइलीवर टाइप्ड, म्हणजे रेकॉर्डच्या फाइलीचा, रीसेट एरर 5 देतो, कारण फाइलमोड मुळात 2 असतो, वाचायला आणि लिहायला. तपासताना तो 0, म्हणजे फक्त वाचायला, करायचा. जोडणी वेगळ्या कॉपीवर केली. शेवटी जोडणारं अपेंड फक्त टेक्स्ट फाइलला चालतं, म्हणून सीकने फाइलसाइझवर, म्हणजे शेवटच्या नोंदीपुढे, जाऊन 38 नोंदी लिहिल्या, क्रम 431 ते 468, शेवटी क्लोज.

मूळ प्रोग्रामचा सोर्स त्याच फोल्डरात होता. आता पाथ पॅरमस्ट्र(0) वरून, म्हणजे प्रोग्राम स्वतः जिथे आहे त्या जागेवरून, घेतला जातो. आयओरिझल्ट एकदा वाचला की शून्य होतो, म्हणून तो आधी व्हेरिएबलमध्ये ठेवला. कोड 2 असेल तरच नवी फाइल, तीही विचारून. बाकी कुठल्याही कोडवर प्रोग्राम थांबतो.

राहिलं ते शेतकऱ्यांच्या हातातलं. त्यांच्या कागदावर अजून 1 ते 38 आहे आणि चुकारा (मालाचे पैसे देणं) पावतीवरूनच होतो. गाडी नंबरवरून जुळवावं तर बैलबंडीवाल्यांच्या नोंदीत तिथे नुसतं 'बंडी' लिहिलेलं. शेवटी नाव आणि भरलेलं वजन धरून यादी छापली, प्रत्येकापुढे नवा नंबर टाकला आणि ती दिवाणजींच्या टेबलावर लावली. 17 नंबरच्या दोन पावत्यांपैकी जुन्या पावतीचा चुकारा आधीच झाला होता. नव्या 17 वाल्याला 'तुमचे पैसे गेले' म्हणून परत पाठवू नका, हे मालकांना मी लेखी देऊन आलो.